बासचा उपवास

मी मूळचा मालवणचा. मूळचा म्हणजे आडनावापुरता. वाढलो डोंबिवलीत, आणि गेली सव्वीस वर्षं मिनेसोटात ईडन प्रेरीला राहतो, जिथून समुद्र बघायचा तर विमानाचं तिकीट काढावं लागतं. पण मालवणचा माणूस कुठेही जाऊन पडला तरी माशांच्या बाबतीत आपल्याला कुणी काही शिकवू नये, ही समजूत त्याच्या अंगातून जात नाही. माझ्या अंगात ती भरपूर होती. आयुष्यात मी एकही मासा पकडलेला नव्हता. माझ्या माहितीप्रमाणे मासा जन्माला यायचा तो कोळणीच्या पाटीत, आणि मोक्षाला जायचा तो आमच्या तव्यावर. मधल्या काळात तो पाण्यात काय करतो, काय खातो, त्याच्या घरच्या अडचणी काय, हे विचारण्याइतकी आमची ओळख कधी झालीच नाही.

ती ओळख करून दिली माझ्या व्याह्यांनी.

लेकीने लग्न केलं ते इथल्याच एका उंच, सोनेरी केसांच्या आणि अतिशय सोशिक मुलाशी. त्याच्या वडिलांनी शाळांच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलं आणि बायको सोडून गेल्यावर चार वर्षांच्या मुलाला एकट्याने वाढवलं. आता ते निवृत्त आहेत, उत्तरेला दोन तासांवर एका तळ्याकाठी राहतात आणि फारच कमी बोलतात. आमच्याकडचा एखादा काका दारातून आत येईपर्यंत जेवढे शब्द खर्च करतो तेवढ्यात यांचा आठवडा निघतो. मी त्यांना व्याहीबुवा म्हणतो. त्याचा अर्थ त्यांनी अजून विचारलेला नाही. लग्नात आम्ही मानपान म्हणून त्यांना फेटा बांधला. तो कधी काढायचा हे कुणी सांगितलं नाही, म्हणून ते फेट्यासकट दोन तास गाडी चालवत घरी गेले आणि वाटेत पेट्रोल भरायलाही तसेच उतरले. हा माणूस दुसऱ्याच्या घरचे नियम न विचारता पाळतो, तेव्हा त्याच्या घरचे नियम आपणही पाळावेत, एवढी अक्कल मला त्या दिवशीच यायला हवी होती. ती यायला अजून दोन वर्षं होती.

गेल्या वर्षी मे महिन्यात त्यांनी मला पहिल्यांदा होडीत घेतलं. बर्फ वितळून तीनेक आठवडे झाले होते. व्याहीबुवांनी सुतळीला बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडला, वर काढला, बघितला आणि म्हणाले, "पन्नासच्या वर." त्यांचं बोलणं मी इथे मराठीत देतोय, पण इंग्रजीतही ते एवढंच असतं; पन्नास हे इथल्या फॅरनहाइटमधले.

मग त्यांनी मला एक काठी दिली, दोरीच्या टोकाला क्रेफिशसारखा, म्हणजे इथल्या तळ्यातल्या नांग्यावाल्या कोळंबीसारखा, दिसणारा रबरी तुकडा लावला आणि खडकाळ उताराकडे बोट दाखवलं. मी दोरी फेकली. म्हणजे पहिल्यांदा त्यांच्या टोपीत, दुसऱ्यांदा माझ्या बाहीत आणि तिसऱ्यांदा पाण्यात. ती पाण्यात पडते न पडते तोच काठी धनुष्यासारखी वाकली. दोन तासांत मी नऊ स्मॉलमाउथ बास काढले. काळपट तांबूस, अंगावर उभे पट्टे, डोळे लाल, आणि चेहऱ्यावर आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा कायमचा राग. नऊच्या नऊ व्याहीबुवांनी हळूच परत पाण्यात सोडले. मला ते बघवत नव्हतं, पण पाहुणा होतो.

"सगळा हिवाळा खोल पाण्यात पडून असतात," ते म्हणाले. "जवळपास काही खात नाहीत. पाणी तापायला लागलं की वर येतात. अंडी घालायच्या आधी खातात. जे दिसेल ते."

नीट ऐकलं असतं तर या चार-पाच वाक्यांत सगळं होतं. मासे भुकेले होते. लग्नाच्या पहिल्या पंगतीला बसलेल्या वऱ्हाड्यांसारखे त्यांनी क्रेफिश, छोटे मासे, रबर, जे पानात पडेल ते ओढायचं ठरवलं होतं. त्या दिवशी माझ्या जागी एखादं लुगडं वाळत घातलं असतं तरी त्याच्या टोकाला बास लागला असता. पण मी काढलेला निष्कर्ष वेगळा होता. मी ठरवलं की हे रक्तातच असतं.

पुढच्याच आठवड्यात लेकीचा फोन आला. तिला सातवा महिना होता. ही माझी लेक इथेच जन्मली, इथेच वाढली, मासा म्हणजे लिंबू पिळलेला साल्मनचा चौकोन, हे तिचं जागतिक मत. आमच्याशी ती इंग्रजीत बोलते, आम्ही तिच्याशी मराठीत, आणि दोन्ही बाजूंना आपणच जिंकतोय असं वाटतं. त्या दिवशी मात्र ती थांबून थांबून म्हणाली, "बाबा, मला आजीसारखा मासा पाहिजे. रवा लावलेला. काट्यांवाला."

माझी आई जाऊन नऊ वर्षं झाली. तिच्या हातचा मासा लेकीने सातव्या वर्षी, एका सुट्टीत, डोंबिवलीला खाल्ला होता. मला वाटत होतं ती विसरली.

"आणतो की," मी म्हणालो. "आजच आणतो."

"नो, नो. स्टोअरमधला नको. वास आला की मला कसंतरी होतं. त्याच दिवशी पाण्यातून काढलेला. पॉसिबल आहे का?"

शहाण्या मुलीने स्वतःहून मराठीत काही मागितल्याला किती वर्षं झाली होती ते मी इथे लिहीत नाही. पण बापाला 'पॉसिबल आहे का' विचारणं म्हणजे काय, हे बापांना सांगायला नको. मी म्हणालो, "पॉसिबल? मागच्या रविवारी दोन तासांत नऊ काढले."

तेवढ्यावर थांबलो असतो तर वाचलो असतो. पण जूनच्या दुसऱ्या रविवारी आमच्या घरी डोहाळजेवण होतं, चाळीस माणसं येणार होती, आणि आमच्या मंडळाची पद्धत अशी की आधी एक तक्ता फिरतो. मसालेभात कोण आणणार, कोशिंबीर कोण, प्लेटा कोण. हा तक्ता आमच्यातले आयटीवाले एवढ्या गांभीर्याने करतात की कोशिंबिरीला पर्यायी मालक आणि त्यालाही पर्यायी मालक असतो. मी तक्ता उघडला, तळाशी एक ओळ वाढवली, 'ताजे मासे, स्वतः पकडलेले', पुढे माझं नाव लिहिलं आणि पर्यायी मालकाचा रकाना रिकामा ठेवला. मग ग्रुपवर त्या नवांपैकी सर्वांत दांडग्या माशाचा फोटोही टाकला.

माझी बायको नागपूरची. तिने फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं. "कशाला सांगून राहिले हो साऱ्या गावाला? आधी पकडा तर!"

"अगं, मासे स्वतःहून येतात. मी बघितलंय."

"हो का? मग पत्ता देऊन ठेवा घराचा. परस्पर इथंच येतील."

डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी पहाटे, मी रिकामी बर्फपेटी, मालवणी मसाल्याची बाटली आणि प्रचंड आत्मविश्वास घेऊन व्याह्यांच्या दारात हजर झालो. लेकीचं मागणं मी त्यांना फोनवर सांगितलं होतं. त्यांनी तेव्हा "हं" म्हटलं होतं, आणि मी त्याचा अर्थ 'होकार' असा घेतला होता. त्यांच्या 'हं'चे निदान सात अर्थ आहेत. तो होकार नव्हता.

थर्मामीटर पाण्यात गेला, वर आला. "बासष्ट," ते म्हणाले, आणि तोंड वाकडं केलं.

"उत्तम! अजून तापलंय!" मी म्हणालो. माझ्या हिशेबाने पाणी जितकं गरम तितकी भूक मोठी. तीन आठवड्यांपूर्वीच्या त्याच खडकाळ उतारावर मी तोच रबरी क्रेफिश टाकला. काही नाही. पुन्हा टाकला. डावीकडे, उजवीकडे, खोल, उथळ, लाडाने, रागाने. ज्या तळ्याने मला नऊ मासे दिले होते त्या तळ्याने मला ओळखही दाखवली नाही. दुसरा कुठला मासा तरी लागेल म्हणून व्याहीबुवांनी खोल पाण्यातही दोऱ्या सोडून बघितल्या. तिथेही शांतता. तीन तास गेले. मी मनातल्या मनात तक्त्यातला तो रिकामा रकाना बघत होतो.

"यांना झालं काय?" मी शेवटी विचारलं.

व्याहीबुवांनी होडी एका छोट्या बेटाच्या आडोशाला आणली. पाणी काचेसारखं, कमरेएवढं खोल. त्यांनी तळाकडे बोट दाखवलं. चिखलट वाळूत एक जागा लख्ख घासून काढलेली, मोठ्या परातीएवढी गोल. आत स्वच्छ गोटे. आणि त्यावर एक बास, जवळजवळ हातभर लांबीचा, एकाच जागी तरंगत शेपटी हलवतोय.

"बाप," ते म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं भाषण असावं. घर बाप करतो, शेपटीने झाडून. आई येते, अंडी घालते, खोल पाण्यात निघून जाते. थकलेली असते, काही दिवस तीही फारसं खात नाही. बाप थांबतो. अंड्यांवर शेपटीने पाणी हलवत राहतो, गाळ बसू देत नाही, जवळ येईल त्याला हाकलतो. अंडी फुटली तरी थांबतो, पिल्लं आपापली पोहून पांगेपर्यंत. तोवर तो शिकारीला जात नाही. नंतर हाडाचा सापळा होतो आणि मग पुन्हा दिसेल ते खातो.

"म्हणजे उपास!" मी म्हणालो. आणि माझ्या मनात आमचे उपास उभे राहिले. साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, बाजूला बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, आणि चार वाजता 'नुसतं' म्हणून वाटीभर श्रीखंड. त्यामानाने हा मासा फारच अननुभवी वाटला.

"या दिवसांत मी बास घरी नेत नाही," व्याहीबुवा म्हणाले. "घरट्यावरच्याला तर हातही लावत नाही." एवढं सांगून त्यांनी होडीचा दोर एका झाडाला बांधला आणि निसर्गाच्या हाकेला ओ द्यायला ते बेटावरच्या झुडपांत गेले.

आता माझी बाजू ऐका. मी ते शब्द ऐकले होते, मला समजलेही होते. पण माझ्यापासून पाच हातांवर तो उभा होता आणि त्याच्यापासून एका दिवसाच्या अंतरावर माझी सात महिन्यांची पोटुशी लेक होती. एकच, मी ठरवलं. तळ्यात शेकडो असतील. व्याहीबुवा येईपर्यंत बर्फपेटीत जाईल, मग काय ते बोलू. गुन्ह्याचं नियोजन मी आयुष्यभर प्रोजेक्ट मॅनेजरकी केली तशाच दर्जाचं केलं, म्हणजे धोके कुठलेच लिहिले नाहीत.

रबरी क्रेफिश मी अलगद त्या परातीत सोडला. बास पुढे आला, त्याने तो तोंडात धरला, परातीबाहेर नेला आणि थुंकला. खाल्ला नाही. ताटात पडलेला केस उचलून बाजूला टाकावा तसा टाकला. मी पुन्हा सोडला. पुन्हा उचलला, पुन्हा बाहेर. तिसऱ्या वेळी मात्र तो चिडला. त्याने झडप घातली आणि मी झटका दिला.

होडी हलली, मी गुडघ्यावर पडलो, पण मासा वर आला. माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा मासा, माझ्या दोन्ही हातांत, धडपडतोय. गळ ओठाच्या कडेलाच होता, लगेच निघाला. आणि मग माझ्या हातांनी मला न विचारता एक काम केलं. डाव्या हाताने मासा धरला आणि उजव्या अंगठ्याने कल्ला उचलून आत लाल आहे का ते बघितलं.

लाल होता. असणारच. मासा जिवंत होता.

मग मी त्याचं पोट दाबून बघितलं. घट्ट. डोळा बघितला. चकचकीत. शिवाय तो डोळा माझ्याकडे बघत होता, ही सोय डोंबिवलीच्या बाजारात नव्हती. आईने दहाव्या वर्षी शिकवलेली परीक्षा, कल्ला, पोट, डोळा, या क्रमाने मी चाळीस वर्षांत एकदाही चुकवलेली नाही. समोर कोळीण असती तर भावही पाडून मागितला असता.

"काय करताय?"

व्याहीबुवा काठावर उभे होते. पँटचा पट्टा अर्धा लावलेला.

इंग्रजीत मला त्या क्षणी सुचलेलं एकमेव वाक्य खरंच खरं होतं. मी म्हणालो, "ताजा आहे का बघतोय."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी फक्त एकदाच बघितली आहे, अमेरिकेच्या व्हिसाच्या खिडकीत. मग ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "त्याला पाण्यात सोडा. आत्ता." आणि घोट्याएवढ्या पाण्यातून दोन ढांगांत होडीत चढले.

मी सोडला. तो वाकडातिकडा होत होडीखालून खोल पाण्यात गेला आणि दिसेनासा झाला. "गेला बिचारा घरी," मी सुटकेने म्हणालो.

"घर तिकडे नाही," व्याहीबुवा म्हणाले. "घर इथे आहे."

मी तळाकडे बघितलं. लख्ख घासलेली परात आता रिकामी नव्हती. तळहाताएवढे, पोटाशी नारिंगी, दिसायला अगदी गोजिरवाणे दहा-बारा सनफिश मासे तिच्यात उतरले होते आणि माना खाली घालून अंडी टिपत होते. बुफेचं झाकण काढल्यावर आमच्या मंडळात दिसते तशीच शिस्त. मी कल्ला-पोट-डोळा करत होतो तेवढ्यात बातमी पसरली होती.

व्याहीबुवांनी वल्हं उचललं आणि त्याचं टोक परातीच्या कडेला हळूहळू फिरवायला सुरुवात केली, गाळ उठणार नाही अशा बेताने. मी मासे धरायची जाळी घेतली आणि दुसऱ्या बाजूने हलवायला लागलो. सोबत तोंडाने "हुश्श! हुश्श!" गच्चीवरच्या पापडांवरून कावळे हाकलायचं हे अस्त्र मिनेसोटाच्या सनफिशवर चालत नाही. चार गेले की पाच येत होते.

अशी वीसेक मिनिटं आम्ही दोघं होऊ घातलेले आजोबा, एका होडीत वाकून, दुसऱ्याच्या पोरांची राखण करत होतो. ढुंगण उन्हात, डोकं पाण्यात. बोलणं नव्हतं, आणि मला शांतता सहन होत नाही. म्हणून मी जे बोलायला नको होतं ते बोलून गेलो. म्हणालो, लेक जन्मली तेव्हा मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये फोनवर होतो, आमचं सॉफ्टवेअर त्या दिवशी लाइव्ह जात होतं. नर्स दोनदा बोलवायला आली. मी दोनदा 'फाइव्ह मिनिट्स' म्हणालो. आत गेलो तेव्हा तिला दुपट्यात गुंडाळूनही झालं होतं.

हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. म्हणजे बायकोला सांगायची गरजच नव्हती, ती तिथेच होती.

व्याहीबुवा काहीतरी बोलतील म्हणून मी थांबलो. ते म्हणाले, "तुमच्या डावीकडे. दोन."

मी डावीकडचे दोन हाकलले.

आणि मग खालून एक काळी रेघ आली. मी ती नीट बघितलीही नाही, फक्त सनफिश फुटलेल्या हंडीच्या पाण्यासारखे चारी दिशांना उडाले. बास परत आला होता. ओठाच्या कडेला माझी खूण होती. एका सनफिशचा त्याने पार दगडापर्यंत पाठलाग केला, परत आला, परातीभोवती एक चक्कर मारली आणि शेपटीने पाणी हलवायला लागला. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. कुणी एवढं दुर्लक्ष केल्यावर मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

"किती उरली असतील?" मी विचारलं.

"अर्धी." त्यांनी वल्हं आत घेतलं. "कदाचित जास्त."

आता मी मासा मागायच्या लायकीचा नव्हतो, हे मलाही कळत होतं. मी बर्फपेटीचं झाकण लावलं आणि ग्रुपवर काय लिहायचं याची वाक्यं जुळवायला लागलो. व्याहीबुवांनी होडी तीस-चाळीस हात बाजूला, लव्हाळ्यांपाशी नेली. डब्यातून एक नखाएवढा गळ काढला, त्याला गांडूळ लावलं आणि काठी माझ्या हातात दिली.

"हे आपण खातो," ते म्हणाले.

"कोण हे?"

"तेच."

त्या घरट्यावरून हाकललेली मंडळी लव्हाळ्यांत दबा धरून होती. आणि यांचा उपास नव्हता. गांडूळ पाण्यात पडलं की दोरी ताठ. मी काढत होतो, व्याहीबुवा मोजून पेटीत ठेवत होते, फार लहान असेल तो परत. तासाभरात एकोणीस झाले. त्यांनी "बस" म्हटलं आणि मी विसाव्या माशासाठी हट्ट केला नाही, यावरून माझी मनःस्थिती ओळखा.

रविवारी सकाळी व्याही होडीसकट आमच्या घरी आले, कारण डोहाळकरणीला नावेत बसवायचं होतं आणि बायकोने पुठ्ठ्याच्या नावेऐवजी खरीच मागवली होती. मासे आम्ही दोघांनी आमच्या गॅरेजमध्ये साफ केले. लेकीचा हुकूम 'त्याच दिवशी' असा होता, हे एका रात्रीने चुकलंच, पण बर्फातून काढून बघितले तर कल्ले लाल होते. हो, बघितले. व्याहीबुवांनी मान दुसरीकडे वळवली. पोट चिरलं तेव्हा तिसऱ्या की चौथ्या माशात मोहरीएवढे पिवळसर दाणे निघाले, त्या परातीतली अंडी. पाचव्यात पुन्हा. मी ते नळाखाली धुवायला गेलो आणि नळ सोडायचं विसरून तसाच उभा राहिलो. व्याहीबुवांनी माझ्या हातातून मासा घेतला, धुतला आणि पातेल्यात टाकला.

हळद, मीठ, कोकमाचं आगळ, मसाला, मग रवा आणि थोडं तांदळाचं पीठ. डेकवर तवा मांडला. अंगणात ट्रेलरवरच्या होडीला झेंडूच्या माळा, आत हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत माझी लेक, आणि तिच्या मागे जावई, कुणी काकू ओटी भरायला वर चढली की आधार द्यायला हात पुढे करून उभा. इथे मला एक तुलना सुचली होती. ती मी बायकोच्या कानात सांगितली. "माझ्या जावयाला मासा म्हणाल तर बघा," ती म्हणाली. म्हणून ती तुलना इथे नाही.

पहिली ताटली मी होडीत नेली. तक्ता पाठ असलेल्या एक काकू वाकून बघत म्हणाल्या, "अग्गोबाई, एवढुस्से? आम्ही फोटोतल्या दांडग्याची वाट बघत होतो!"

"तो आला नाही," मी म्हणालो. "त्याच्या घरी लहान मूल आहे."

काकू हसल्या. त्यांना तो विनोद वाटला.

लेकीने मासा उचलला, शेपटीकडून तोडला, काटा बोटाने ओढून काढला आणि तोंडात टाकला. डोळे मिटले. चाळीस माणसं गप्प, आणि आमच्यात ते सहसा होत नाही. तिने डोळे उघडले, उरलेला अर्धा खाल्ला, डोक्याजवळचं मांस चोखलं, दुसरा घेतला. जावयाने आशेने हात पुढे केला तर तिने ताटली दुसऱ्या गुडघ्यावर घेतली.

"बाबा, हे सगळे तू पकडलेस? युवरसेल्फ?"

आता खरं सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं. मी होडीखाली उभ्या व्याहीबुवांकडे बघितलं. त्यांनी हातातला कागदी ग्लास खाली केला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "त्यांना एका जागी गोळा केलं ते तुझ्या बाबांनीच."

टाळ्या पडल्या. आमच्या मंडळात कशालाही पडतात. व्याहीबुवांचा चेहरा जसा होता तसाच राहिला.

लेकीने सात खाल्ले. सातवा संपवून बोटं चाटत म्हणाली, "अजून आहेत ना?" आणि मी तव्याकडे पळालो. उरलेले पाहुण्यांत वाटता वाटता शेवटी तव्यावर एकच राहिला, छान कुरकुरीत, माझ्या वाटणीचा. मी तो बायकोच्या पानात वाढला.

"तुम्ही नाही खाऊन राहिले?"

"नको. आज नको."

मालवणचा नवरा, समोर तळलेला मासा, आणि नको. तिने हातातलं पान खाली ठेवलं आणि चाळीस माणसांदेखत माझ्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.